जस्ताचें ओतकाम



बागेच्या नळावरील चाक मोडतें, शिवणयंत्राची मूठ निखळते, खिडकीच्या अडसराचा एखादा तुकडा झिजून जातो, आणि बाजारांत चौकशी करावी तर ‘हा भाग आतां येत नाहीं’ असें उत्तर मिळतें. अशा वेळीं तो भाग आपणच ओतून करावा असें खटपटी मुलाच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु ओतकाम म्हटलें कीं ओताऱ्याची धगधगणारी भट्टी, तिचा भाता आणि तापून लाल झालेली मूस डोळ्यांपुढें येते, व मन कचरतें. पितळ वितळविण्यास ९०० अंशांहून अधिक उष्णमान लागतें, तांब्यास १०८५ अंश लागतात आणि बिडास सुमारें १२०० अंश. (या लेखांतील सर्व अंश सेल्सिअसचे समजावे.) इतकी आंच घरच्या शेगडीच्या आटोक्याबाहेरची आहे. जस्त मात्र ४२० अंशांच्या सुमारास वितळतें, आणि त्याचे कांहीं मिश्रधातु तर ३९० अंशांच्या आंतच पातळ होतात. म्हणून घरच्या अंगणांत ओतकाम शिकावयाचें असेल तर जस्तापासून आरंभ करावा.

तथापि आंच कमी लागते एवढ्यावरून सारेंच काम सोपें झालें असें कोणीं समजूं नये. जस्ताच्या कामांत खरी परीक्षा असते ती निर्मळपणाची आणि कोरडेपणाची. धातूंत मळ राहिला तर आज उत्तम दिसणारा भाग कांहीं वर्षांनीं हातांत भुगा होऊन येतो. आणि हत्यारावर पाण्याचा एक थेंब राहिला तर त्याच घटकेस अपघात होतो. या दोन गोष्टी कशा सांभाळाव्या हें सांगणें हाच या पाठाचा मुख्य हेतु आहे.

जस्ताची ओळख

तांबें, लोखंड, शिसें व कथील हे धातु मनुष्यास फार पुरातन काळापासून ठाऊक आहेत; पण शुद्ध जस्त हातीं येण्यास पुष्कळ काळ लागला. याचें कारण त्याच्या स्वभावांतच आहे. जस्ताच्या खनिजांतून धातु सुटा करावयाचा तर तें कोळशाबरोबर सुमारें १००० अंशांपर्यंत तापवावें लागतें. परंतु जस्त ९०७ अंशांवर उकळतें. म्हणजे धातु सुटतो तोच वाफ होऊन! ही वाफ भट्टीबाहेर आली कीं हवेंत जळते व तिची पांढरी राख होते. धातु जन्मतांच नाहींसा होतो. मग तो मनुष्याला दिसावा कसा?

ही अडचण मोठ्या प्रमाणावर प्रथम दूर केली ती आपल्याच देशांतील कारागिरांनीं. राजस्थानांत उदेपूरजवळ झावर नांवाचें स्थान आहे. तेथें लांबट वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या मांडून, वरून आंच देत व जस्ताची वाफ खालच्या नळीवाटे थंड भांड्यांत उतरवून घेत. अशा छत्तीस-छत्तीस मुशी एकेका भट्टींत मांडलेल्या उत्खननांत सांपडल्या आहेत, आणि वापरून टाकलेल्या मुशींच्या भिंती तेथें आजहि पाहावयास मिळतात. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथांत या क्रियेचें वर्णन आहे. युरोपांत ब्रिस्टल येथील विल्यम चॅम्पियन यानें अशाच ऊर्ध्वपातनाच्या कृतीचें पेटंट घेतलें तें १७३८ सालीं. झावरचा उद्योग त्यापूर्वीं कित्येक शतकें चालू होता.

जस्त वितळवून वस्तु ओतण्याची कलाहि दख्खनला नवी नाहीं. आज कर्नाटकांत असलेल्या बीदर शहराच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें बिदरी काम याच धातूचें होय. त्यांत मुख्य भाग जस्ताचा असून तांबें थोडें असतें. कारागीर वाळूच्या सांच्यांत सुरई किंवा हुक्क्याचें बूड ओततो, तें कानशीनें साफ करतो, नक्षी कोरून तींत चांदीची तार ठोकून बसवितो आणि नवसागर मिसळलेल्या मातीनें जस्त काळें करतो. चांदी मात्र पांढरी राहते. हें सारें काम लहानशा कारखान्यांत, थोड्या आंचेवर होतें. आपण जें करूं पाहत आहों त्याचें हें थोरलें भावंड होय.

शुद्ध जस्त कां नको?

नुसतें जस्त ओतलें तर त्याचे कण मोठे बनतात व तुकडा ठिसूळ होतो. त्यांत थोडें अॅल्युमिनियम मिसळलें कीं कण बारीक होतात व बळकटी पुष्कळ वाढते. यांत एक नवल आहे. अॅल्युमिनियम स्वतः ६६० अंशांवर वितळतें. पण तें शेंकडा पांच या प्रमाणांत जस्तांत मिसळलें म्हणजे मिश्रण ३८२ अंशांवरच वितळतें. आइस्क्रीमच्या पिंपांत बर्फावर मीठ टाकलें असतां बर्फ शून्याच्या खालींहि विरघळतो, त्यांतलाच हा प्रकार आहे.

अमेरिकेंतील न्यू जर्सी झिंक कंपनीनें १९२९ सालीं अशा मिश्रधातूंची एक मालिका सिद्ध केली व तिला ‘झामाक’ असें नांव दिलें. झिंक, अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांब्याचें जर्मन नांव कुप्फर, यांच्या आद्याक्षरांपासून हें नांव बनलें आहे. त्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या मिश्रणांत अॅल्युमिनियम शेंकडा चार असतें, मॅग्नेशियम नाममात्र, व बाकी सर्व जस्त. पांचव्या क्रमांकांत शेंकडा एक तांबें अधिक असतें. आपल्या पिशवीच्या चेनचा सरकता तुकडा, कुलपाची पेटी, मुलांच्या खेळण्यांतील मोटारी, दारांच्या मुठी यांपैकीं पुष्कळ वस्तु या जातीच्या धातूच्या असतात. त्या कारखान्यांत पोलादी सांच्यांत दाबानें भरतात. वाळूच्या सांच्यांत नुसत्या वजनानें ओतावयाचें असेल तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रचारांत आलेले, अधिक अॅल्युमिनियमचे मिश्रधातु सोयीचे पडतात. त्यांचे क्रमांक आठ, बारा व सत्तावीस असे असून ते अॅल्युमिनियमचें शेंकडा प्रमाण स्थूलमानानें दाखवितात. त्यांपैकीं बारा क्रमांकाचा धातु ४३२ अंशांवर पूर्ण पातळ होतो. घरगुती कामास हाच घ्यावा.

निर्मळपणाची कसोटी

१९२० ते १९४० च्या दरम्यान युरोपांत जस्ताच्या मिश्रधातूचीं खेळण्यांतील आगगाड्यांचीं इंजिनें पुष्कळ विकलीं गेलीं. त्यांपैकीं कित्येक कांहीं वर्षांनीं नुसत्या कपाटांत ठेवलेलीं असतां फुगलीं, तडकलीं आणि त्यांचा चुरा झाला. इंग्रजींत या विकाराला ‘झिंक पेस्ट’ म्हणजे जस्ताची कीड म्हणतात. पण ही कीड जिवंत नव्हे. अॅल्युमिनियम असलेल्या जस्तांत शिसें, कथील किंवा कॅडमियम यांचा अल्प अंश राहिला, तर तो धातूच्या कणांच्या सांध्यांत जाऊन बसतो. पुढें हवेंतील ओल त्या सांध्यांतून आंत शिरते व कणांस कणांपासून सोडविते. उष्ण व दमट हवेंत हा नाश लवकर होतो. तेव्हां कोंकणांत राहणारांनीं याविषयीं विशेष दक्ष असावें.

हा अंश किती अल्प पुरतो तें पाहा. झामाक जातीच्या ओतीव कामांत शिशाची मर्यादा शेंकडा ०.००५ धरतात. म्हणजे एक किलोग्रॅम धातूंत ५० मिलिग्रॅम. तांदुळाच्या दोन-तीन दाण्यांचें वजन तेवढें भरेल! जुन्या डाखाचा एक ठिपका भंगाराच्या तुकड्याला चिकटून राहिला तरी सबंध मूस बिघडते, कारण डाखांत शिसें व कथील असतें.

यावरून भंगाराविषयींचा नियम ठरतो. ज्या भागावर जगाचा भरंवसा ठेवावयाचा तो ठाऊक असलेल्या विटेपासूनच ओतावा. दाबाच्या ओतकामाच्या कारखान्यांस पुरविली जाणारी प्रमाणित वीट विकत मिळते. भंगार वापरावें तें केवळ हात बसविण्यापुरतें. त्यांतहि आधीं तुकड्याची परीक्षा करावी. आर्किमिडीजच्या रीतीनें तो हवेंत व पाण्यांत तोलावा व घनता काढावी. ती ६ ते ७ च्या दरम्यान आली तर जस्ताचा मिश्रधातु असण्याचा संभव आहे, ११ च्या आसपास आली तर तें शिसें होय, तें दूर ठेवावें, २.७ आली तर अॅल्युमिनियम, आणि १.८ च्या जवळ आली तर मॅग्नेशियम. हें शेवटचें पेटलें असतां पाण्यानें अधिकच भडकतें, म्हणून तें शेगडीजवळ आणूंहि नये. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पत्रे व नळ जस्तासाठीं जाळणें हा तर शुद्ध अविचार होय. त्यांत धातु मिळत नाहीं, धूर मात्र मिळतो.

सांचा कसा करावा

उदाहरणासाठीं नळाच्या व्हॉल्व्हवरील चाक घेऊं. व्यास ६० मिलिमीटर, जाडी १० मिलिमीटर, एक बाजू सपाट. प्रथम सागवानी लांकडाचा नमुना करावा. त्याच्या कडा सपाट बाजूपासून वर किंचित् निमुळत्या असाव्या, नाहींतर वाळूंतून काढतांना सांचा ढांसळेल. धातु थिजतांना शेंकडा एकाच्या आसपास आकसतो. म्हणून नमुना अर्धा-पाऊण मिलिमीटर मोठा ठेवावा.

धातु किती लागेल हें नमुन्याच्या वजनावरूनच कळतें. सागवानाची घनता सुमारें ०.६५ व बारा क्रमांकाच्या धातूची ६.० आहे; म्हणजे धातु लांकडाच्या सुमारें सव्वानऊ पट जड. नमुना १८ ग्रॅम भरला तर चाक सुमारें १६५ ग्रॅमचें होईल. ओतण्याची वाट व शिलकी धातु यांसाठीं तितकाच आणखी धरून सुमारें ३५० ग्रॅम धातु मुशींत घ्यावा.

वाळू बारीक, चाळलेली असावी. तिच्या दहा भागांस बेंटोनाइट जातीची चिकण माती एक भाग मिसळावी व थोडें पाणी शिंपडून मळावी. मूठ दाबली असतां गोळा टिकावा, तो मोडला तर दोन स्वच्छ तुकडे व्हावे आणि तळव्यास ओल लागूं नये, इतकीच ती दमट असावी. एकावर एक बसणाऱ्या दोन लांकडी चौकटी घ्याव्या. फळीवर नमुना सपाट बाजू खालीं करून ठेवावा, वर शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी, पहिली चौकट ठेवून वाळू चाळून घालावी व चोपून घट्ट बसवावी. मग चौकट उलटी करून, पुन्हां पूड भुरभुरून दुसरी चौकट वर ठेवावी, तींत धातु ओतण्याच्या वाटेसाठीं निमुळती लांकडी खुंटी उभी धरावी व वाळू भरावी. खुंटी काढावी, चौकटी वेगळ्या कराव्या, नमुना हलकेच ठोकून सरळ वर उचलावा. ओताच्या वाटेपासून पोकळीपर्यंत लहान पाट कोरावा. बारीक तारेनें वरच्या वाळूंत ठिकठिकाणीं भोंकें पाडावीं, म्हणजे हवा व वाफ यांस वाट मिळते.

ओताची वाट जाड ठेवण्यांत एक मर्म आहे. थिजणारा धातु आकसतो व शेजारचा पातळ धातु ओढून घेतो. वाट चाकाच्या आधीं थिजली तर चाकांतच पोकळी राहते. वाट शेवटीं थिजली तर ती पोकळी वाटेंत राहते, व वाट तर आपण कापूनच टाकणार असतों.

वितळविणें व ओतणें

हें काम मोकळ्या अंगणांत, वडील मनुष्य शेजारीं उभा असतांनाच करावें. लोणारी कोळशाची शेगडी पुरेशी होते. पण ती घरांत पेटवूं नये, कारण कोळशाचा विषारी वायु दिसत नाहीं व त्यास वासहि येत नाहीं. मूस माती व ग्राफाइटची असावी. लोखंडी भांडें जस्तांत हळूहळू विरतें, व अॅल्युमिनियमचें भांडें तर तळाशीं विरघळून सारा रस आगींत सांडण्याची भीति असते. स्वयंपाकाचें कोणतेंहि भांडें या कामीं घेऊं नये.

रसाचें उष्णमान ४५० ते ५०० अंशांच्या दरम्यान असावें. तें मोजण्याचें विजेचें तापमापक आतां सहज मिळतें. तें अवश्य घ्यावें, कारण या धातूंत डोळे फसवितात. ५०० अंशांवरील रस उजेडांत चांदीसारखा शांत दिसतो. त्यास लाली नसते. लाल नाहीं म्हणून तो थंड आहे असें समजून कोणी हात लावील तर मांस भाजून निघेल. उलट मुशीचें बूड तांबूस दिसूं लागलें तर आंच फाजील झाली असें समजून ती तत्काळ कमी करावी. त्याहून पुढें गेल्यास जस्ताची वाफ जळून पांढरा धूर निघूं लागतो. झावरच्या कारागिरांपुढें जी अडचण होती तीच ही. हा धूर श्वासाबरोबर आंत गेला तर कांहीं तासांनीं थंडी वाजून ताप येतो व अंग मोडून येतें. बहुधा हा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. तरी श्वासास त्रास होऊं लागला तर वैद्यकीय साहाय्य घेण्यास विलंब करूं नये. दूध प्यालें म्हणजे हा धूर बाधत नाहीं अशी समजूत कामगारांत आढळते. तीवर विसंबूं नये. धूर होऊंच न देणें व वाऱ्याच्या पाठीकडे उभें राहणें हाच खरा उपाय.

रसावरील मळी लोखंडी पळीनें बाजूस सारून काढावी, व सांच्यांत एकाच संथ धारेनें, मध्यें न थांबतां ओतावें. धार तुटली तर दोन थर जुळत नाहींत व चाकांत सांधा राहतो. ओतल्यावर अर्धा तास सांच्यास हात लावूं नये.

कोरडेपणाचा नियम

पाण्याची वाफ झाली म्हणजे ती मूळच्या सुमारें सोळाशें पट जागा व्यापते. हा थेंब रसाच्या खालीं सांपडला तर त्या वाफेस बाहेर पडण्यास वाट नसते. ती वरचा सगळा रस कारंज्यासारखा उडविते. म्हणून मूस, पळी, चिमटा व मुशींत नंतर घालावयाचा प्रत्येक तुकडा शेगडीच्या कडेवर ठेवून तापवून घ्यावा आणि मगच रसाला लावावा. शिल्लक रस ओतण्याचें लोखंडी पन्हळहि असेंच तापवावें.

येथें चाणाक्ष विद्यार्थी विचारील कीं, वाळू दमट असते, मग तींत स्फोट कां होत नाहीं? वाळूच्या कणांमधून वाफेला मोकळी वाट असते, व आपण तारेनें भोंकेंहि पाडतों. पाणी आहे किंवा नाहीं एवढ्यावर भागत नाहीं, वाफेला वाट आहे कीं नाहीं यावर सारें अवलंबून आहे. म्हणूनच वाळूंत पाणी जास्त झालें तर तीहि धोक्याची होते. रस सिमेंटच्या जमिनीवर सांडला तरी तींतील ओलीमुळें कपच्या उडतात. तेव्हां खालीं कोरड्या वाळूचा जाड थर पसरावा. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवावी. रसावर पाणी कधींहि टाकूं नये. अंगांत पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायांत चामड्याचे बूट, हातांत चामड्याचे मोजे व तोंडासमोर पारदर्शक ढाल असावी. कृत्रिम धाग्याचे कपडे वितळून कातडीस चिकटतात. ते व चपला या कामांत वर्ज्य होत.

काय ओतावें, काय ओतूं नये

चाकें, मुठी, झांकणें, दिव्याचीं बुडें, नमुन्याच्या यंत्रांचे भाग हीं खुशाल ओतावीं. परंतु जस्त सततच्या भाराखालीं हळूहळू ताणलें जातें, व १०० अंशांच्या आसपास त्याची ताकद बरीच उतरते. म्हणून सायकलचा ब्रेक, शिडीचा आंकडा, पाळण्याची कडी, वाफेच्या भांड्याचा भाग, ज्याच्या तुटण्यानें मनुष्यास इजा होईल असें कांहींहि ओतूं नये. तसेंच खाण्यापिण्याचें भांडें ओतूं नये. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक कळकतें हें प्रत्येक आईला ठाऊक आहे. आंबट पदार्थ जस्तासहि असाच खातो, व तें पोटांत गेलें म्हणजे ओकाऱ्या होतात.

पहिला ओतलेला तुकडा वापरूं नये. तो शिकंज्यांत धरून मोडून पाहावा. भंग करड्या रंगाचा, बारीक दाण्याचा व सलग असेल तर काम साधलें. बारीक छिद्रें दिसलीं तर वाळू ओली होती अथवा रस फाजील तापला होता. मध्येंच गुळगुळीत सांधा दिसला तर रस थंड होता किंवा धार तुटली होती. वरून दिसणाऱ्या चकाकीपेक्षां हा आंतला भंग अधिक खरें बोलतो.

पालकांस एवढेंच सांगणें आहे कीं, मुलाला हें काम करूं द्यावें, पण एकट्याला करूं देऊं नये. तुम्हांस धातुशास्त्र येत नसलें तरी चालेल. पळी तापविली काय, बूट घातले काय, वीट कोठून आणली, असे तीन प्रश्न विचारण्यास शास्त्र लागत नाहीं. आणि विद्यार्थ्यांनीं प्रत्येक ओतीव भागाच्या आंतल्या बाजूस ओतल्याची तारीख व धातूचा क्रमांक कोरून ठेवावा. उद्यां तो भाग दुसऱ्या कोणाच्या हातीं जाईल. तो कशाचा बनला आहे व कितपत भार सोसील, हें जाणून घेण्याचा त्या मनुष्यास हक्क आहे.